मालमोटारीतील संदेशवाहक चिपेची निवड

रायपूरच्या भनपुरी या औद्योगिक भागात येणाऱ्या आधुनिक मालमोटारींत इंजिन, ब्रेक व दर्शकफलक यांचे नियंत्रक दोन पिळलेल्या तारांवरून परस्परांस संदेश देतात. बॉश कंपनीने १९८६ साली जाहीर केलेल्या या पद्धतीस ‘कॅन’ म्हणतात. नियंत्रक आणि तारा यांच्यामध्ये संकेतांची देवघेव करणारी एक चिप असते. ती निवडताना केवळ वेग व किंमत पाहणे चुकीचे होय. मालमोटारींत सामान्यतः सेकंदास २,५०,००० बिटांचा वेग वापरतात. अधिक वेगवान चिप घेतल्याने तो वाढत नाही. संकेत मात्र दोन तारांतील सुमारे २ व्होल्टांच्या फरकावर चालतो, आणि गाडीची बॅटरी २४ व्होल्टांची असते. आवरण झिजून संदेशाची तार बॅटरीच्या तारेस टेकली, तर १२ व्होल्टांच्या गाडीसाठी बनविलेली चिप जळू शकते. मग तार जोडूनही संदेशवहन सुरू होत नाही, आणि चालक आडरानात अडकतो. भक्कम चिप हा प्रसंग सोसून पुन्हा कामास लागते. म्हणून प्रथम व्होल्टदाब सोसण्याची शक्ती, नंतर उष्णता सोसण्याची शक्ती आणि शेवटी किंमत, हाच क्रम योग्य होय.