भाजक चुकला की गणित चुकते

गुन्ह्यांचा दर काढायची रीत सोपी: वर्षभरात नोंदलेले गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. वेरूळसारख्या गावात मात्र हा भाजकच फसवा आहे. घृष्णेश्वराच्या दर्शनाला आणि ३४ लेणी पाहायला येणारा माणूस जनगणनेत वेरूळचा नसतो. त्याचा खिसा कापला गेला, तर गुन्हा मात्र वेरूळच्या नावावर चढतो. त्यामुळे दर फुगलेला दिसेल. पण उलटेही घडते. गाभाऱ्यात पुरुषांनी उघड्या अंगाने जायचे, म्हणून सदरा काढून हातावर घेतलेला, पाकीट त्याच्याच खिशात, आणि श्रावणी सोमवारची रेटारेटी. पाकीट गेल्याचे कळते तेव्हा गाडी सुटायची वेळ झालेली असते. तक्रार द्यायला थांबणार कोण? मोबाइल गेला, तर ‘चोरी’ऐवजी ‘गहाळ’ लिहून घेण्याची सवय तर राज्यभरची.

म्हणून कमी आकडा म्हणजे सुरक्षित गाव, हे मला पटत नाही. नोंदी वाढल्या तर पर्यटक बिचकतील, असा आक्षेप येईल. पर्यटक तक्ते वाचून येत नाहीत, आणि बंदोबस्तासाठी माणसे मागायची तर नोंदीच दाखवाव्या लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत सही करायची. ही माहिती देणारी मराठी-हिंदी पाटी मंदिराच्या रांगेतच लावावी. खर्च किरकोळ आहे. आकडा वाढेल, वाढू द्या.