'मोठी बाई पटवायची कशी' शिकवणाऱ्यांनो, जरा ऐका!

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर बिरवाडीला चहाच्या टपरीवर उभं राहून बघा. विशी-बाविशीतली कंत्राटी पोरं मोबाईलवर रील बघत असतात. 'वयाने मोठी बाई कशी पटवायची', 'नाही म्हणाली तरी मागे हटू नका'. सल्ला देणारा कोण, कुठला, पत्ता नाही. पुढच्या टिप्स हव्यात तर पैसे भरा!

माझं भांडण पोरांशी नाही. मोठी बाई आवडणं हा काही गुन्हा नाही. कायद्याने मुलगा २१ चा, मुलगी १८ ची हवी. नवराच मोठा हवा, असं कुठेही लिहिलेलं नाही. अंजली तेंडुलकर सचिनपेक्षा ५ वर्षांहून मोठ्या. १९९५ ला लग्न झालं, कुणाचं काय बिघडलं?

भांडण आहे ते या शिकवणीशी. 'नवरा बाहेरगावी, एकटी आहे, लवकर पटेल' हा यांचा हिशेब. अहो, महाड-पोलादपूरच्या गावागावांत नवरा मुंबईला आणि घर-शेत बाईच्या अंगावर, हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. तिला जीव आहे, मत आहे. ती काय सावज आहे?

आणि नको म्हटल्यावरही मेसेज करत राहिलात तर तो पाठलाग. भारतीय न्याय संहिता, कलम ७८. पहिल्याच गुन्ह्यात ३ वर्षांपर्यंत कैद. तेव्हा रीलवाला जामीन द्यायला येणार नाही. उलट बाईचा फोटो लावून भामटाच बसला असेल, व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून पैसे मागत असेल, तर एक रुपया देऊ नका. लाज सोडा, १९३० ला फोन करा.

आता आपण मोठी माणसं. भानगड कळली की पोराला 'वयच तसलं' म्हणून माफी, आणि बाईला तोंड दाखवायची चोरी. नवरा १० वर्षांनी मोठा चालतो, बाई ४ वर्षांनी मोठी असली की गावभर चर्चा. ३० वर्षांच्या पुरुषाने १२ वर्षांची मुलगी करावी, असं सांगणारी मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेबांनी याच महाडात जाळली. आपण दरवर्षी त्याची आठवण काढतो, आणि घरी येऊन तोच हिशेब मांडतो!

पोरांनो, माझा सल्ला फुकट आहे. सरळ बोला. नको म्हणाली तर तिथेच थांबा. हो म्हणाली, तर चारचौघांत तिच्या शेजारी उभं राहायची हिंमत ठेवा. तेवढी नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

पटलं तर पोरांपर्यंत पोचवा.