विसरभोळा जामीनदार

पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाची, कर्जदाराने हात वर केल्यावर काय गत होते, हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात विचारावे. पगारातून हप्ता कापला जातो, सहकार कायद्याच्या कलम ‘एकशे एक’चा वसुली दाखला निघतो, वसुली अधिकारी दारातली मोटारसायकल ओढून नेतो. मग हा जामीनदार सकाळ-संध्याकाळ कर्जदाराच्या ओट्यावर जाऊन बसतो आणि भरलेली पै न पै मागतो. पैसे भरायचे आणि नंतर मागायलाही जायचे नाही, असा जामीनदार या राज्यात एकच आहे. त्याचा पत्ता : मंत्रालय, मुंबई ३२.

सहकारी साखर कारखान्यांच्या कर्जांना राज्य सरकार देते त्या थकहमीची ही गोष्ट. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांनी प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा ऊस पिकवणाऱ्याकडे बँकेला दाखवायला पत नव्हती. सरकारने त्याच्या पाठीशी उभे राहणे तेव्हा रास्तच होते. पुढे शेतकऱ्याच्या नावाने सुरू झालेली ही सोय संचालक मंडळांच्या अंगवळणी पडली. हंगामपूर्व कर्ज थकले की त्याचे मध्यम मुदतीत रूपांतर, तेही थकले की पुनर्गठन आणि पुनर्गठनाला पुन्हा थकहमी, असा हा फेरा. कर्ज देणारी बँक निर्धास्त, कारण मागे सरकार. कारखान्याचा अध्यक्ष निर्धास्त, कारण सरकारात आपणच किंवा आपला पाहुणा.

या निर्धास्तपणाचे बिल कुठे येते, ते राज्य सहकारी बँकेने दाखवले. मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने या शिखर बँकेचे संचालक मंडळ जाऊन प्रशासक आले. त्याच्या आगेमागे अनेक आजारी कारखाने, बँकेला तारण विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली विक्रीला निघाले. ते कवडीमोलाने आणि मोजक्या मंडळींच्या जवळच्यांना विकले गेले, असा आरोप झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवायला सांगितले. पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने पुढच्याच वर्षी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. कोण दोषी आणि कोण निर्दोष, हे न्यायालये ठरवतील. आमचा मुद्दा त्याहून साधा आणि हिशेबाचा आहे. तारण कमी भावात विकले की कर्जाचा उरलेला खड्डा मोठा होतो आणि तो बुजवण्याची पाळी थकहमी देणाऱ्यावर येते. म्हणजे लिलावात स्वस्त मिळालेल्या प्रत्येक एकराची उरलेली किंमत करदात्याने मोजायची.

यावर कायद्यात उपाय नाही म्हणावे, तर तसेही नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचे कलम १४० सांगते की, जामीनदाराने देणे भागवले की धनकोचे सारे हक्क त्याच्याकडे येतात. कलम १४१ तर आणखी पुढे जाते. धनकोने जामीनदाराच्या संमतीवाचून तारण हातचे घालवले, तर त्या तारणाच्या किमतीइतका जामीनदार मोकळा होतो. लिलावाची किंमत ठरताना सरकारने हे कलम बँकेपुढे ठेवायला काय हरकत होती? ते राहो. राज्याच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यातच कलम १५५ आहे. संस्थेकडून सरकारला येणे असलेली रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची मुभा ते देते. कलम ८८ खाली संस्थेचे नुकसान करणाऱ्या संचालकाकडून भरपाई घेता येते. शस्त्रागार भरलेले आहे, फक्त किल्ली कोणाच्या खिशात आहे ते सगळ्यांना ठाऊक असल्याने कोणी मागत नाही. आपलेच दात नि आपलेच ओठ!

महसुली वसुलीची यंत्रणा साखरपट्ट्याला अपरिचित आहे, असेही नव्हे. उसाचे पैसे चौदा दिवसांत दिले नाहीत तर पुण्याच्या साखर आयुक्तालयातून ‘आरआरसी’, म्हणजे महसुली वसुलीचा दाखला, निघते, जिल्हाधिकारी गोदामाला टाळे लावतो, साखरेच्या लिलावाची नोटीस लागते. उसाच्या पैशासाठी चालणारी ही यंत्रणा तिजोरीच्या पैशासाठी मात्र पक्षाघात झाल्यासारखी पडून राहते. त्यातला फरक उघड आहे. एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दरासाठी, शेतकरी संघटना रस्त्यावर उतरते, तिजोरीसाठी कोणी रस्त्यावर उतरत नाही.

आणि म्हणून जुने येणे मागायच्या आधीच नवी हमी देण्याची घाई असते. २०२४ मध्ये राष्ट्रीय सहकार विकास निगमाकडून १३ कारखान्यांना सुमारे १,९०० कोटींचे कर्ज मिळावे म्हणून राज्य सरकार पाठीशी उभे राहिले. साल निवडणुकांचे होते. लाभार्थी कारखान्यांचे नेते कोणत्या बाजूला आहेत किंवा नुकतेच कोणत्या बाजूला आले आहेत, याची चर्चा मग उगाच होत नाही. त्याआधी अशा कर्जासाठी संचालकांनी वैयक्तिक आणि सामूहिक जबाबदारी घ्यावी, अशी अट पुढे आली होती, तेव्हा मात्र केवढी कुरबुर झाली! कारखाना आपला म्हणणाऱ्या संचालकांचा त्याच कारखान्याच्या कर्जावर स्वतःची सही करायला एवढा विरोध का, हे कोणी विचारले नाही.

याच्या शेजारी लघुउद्योजकाला उभे करून पाहा. भोसरी किंवा अंबडच्या एमआयडीसीत दोन लेथ टाकून बसलेल्याला बँक तारणाशिवाय कर्ज देते, तेव्हा तिच्या मागेही हमी असते. सन २००० मध्ये केंद्र सरकार आणि सिडबीने उभारलेल्या विश्वस्त निधीची. पण तिथे बँकेने कर्ज बुडीत म्हणून सोडून दिले आणि पैसे मागितले, असे चालत नाही. मोठ्या रकमेच्या कर्जात आधी कायदेशीर कारवाई सुरू करावी लागते. मगच हमीच्या रकमेचा पाऊण हिस्सा मिळतो, उरलेला वसुलीची प्रक्रिया आटोपल्यावर. पुढे काही वसूल झाले तर ते निधीकडे जमा करायचे. हमी म्हणजे कर्जमाफी नव्हे, हे तिथे कागदोपत्री लिहिलेले आहे आणि पाळले जाते. उद्योजकाने घर किंवा गाळा गहाण ठेवलेला असेल, तर साठ दिवसांच्या नोटिशीनंतर दारावर ताबा सूचना चिकटते आणि नियमाप्रमाणे ती मराठी दैनिकातही छापावी लागते. आतल्या पानांवर नावगाव, सर्व्हे नंबर आणि चतुःसीमेसह येणाऱ्या त्या चौकटी वाचकांनी पाहिल्या असतीलच. सरकारला थकहमीचे पैसे भरायला लावणाऱ्या एखाद्या संचालक मंडळाची अशी चौकट कधी पाहिल्याचे आम्हाला तरी आठवत नाही.

यावर ठरलेला युक्तिवाद असा की, वसुलीचा बडगा उगारला तर कारखाना बंद पडेल आणि सभासदाचा ऊस फडात वाळेल. युक्तिवाद खोटा नाही. साखर बँकेकडे तारण असते, विकलेल्या प्रत्येक क्विंटलमागे कर्जफेडीची कपात, म्हणजे टॅगिंग, आधीच ठरलेली असते. त्यात सरकारी वसुलीची आणखी एक कपात आली की उसाचे बिल लांबते. पण म्हणूनच वसुलीचे लक्ष्य कारखान्याचे बॉयलर असू नये. गाळप चालू राहू दे, टॅगिंग सोसवेल इतकेच असू दे. हात घालायचा तो निर्णय घेणाऱ्यांच्या मालमत्तेत. नको असलेली यंत्रसामग्री चढ्या भावात कोणी घेतली, मोलॅसिस पडेल दराने कोणाला दिली, हे लेखापरीक्षकांच्या अहवालांत लिहिलेले असते. ते अहवाल कलम ८८ च्या चौकशीत जातात आणि चौकशी वर्षानुवर्षे भिजत पडते. अधिकारी बदलतो, स्थगिती येते, संचालक दिवंगत होतो. वारसाला मात्र मतदारसंघ मिळतो.

रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांच्या हमींवर अहवाल दिला. वर्षभरात नव्याने द्यायच्या हमींना महसुली जमेच्या ५ टक्के किंवा राज्य उत्पन्नाच्या अर्धा टक्का, यातले जे कमी असेल तेवढीच मर्यादा असावी. हमीसाठी किमान पाव टक्का शुल्क घ्यावे आणि जोखीम जास्त असेल तर अधिक, असे त्याचे म्हणणे. शिफारशी चांगल्या आहेत. त्या नव्या हमींना आवरतील, जुन्यांचे काय? संविधानाच्या कलम २९३ ने हमीची मर्यादा ठरवण्याचा अधिकार विधिमंडळाला दिला आहे. मग हमी बुडाल्यावर काय झाले हे विचारण्याचा अधिकारही त्याच सभागृहाचा. अर्थसंकल्पाच्या कागदांत किती हमी दिल्या याचे विवरणपत्र असते. त्यात आणखी चार रकाने वाढवले तर छपाईचा खर्च फारसा वाढणार नाही : कोणत्या कारखान्यापोटी सरकारने किती भरले, त्यातले किती परत आले, वसुलीचा दाखला कोणत्या तारखेला काढला आणि कर्ज घेताना संचालक मंडळात कोण कोण होते. शेवटचा रकाना भरताना वित्त विभागाच्या कारकुनाला बरीचशी नावे विधिमंडळाच्या हजेरीपटावरून उतरवून घेता येतील.