भौतिकशास्त्र ही भाटकाराची इस्टेट नव्हे!

शेतकरी बंधूंनो, रापणकार भावांनो आणि मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणाऱ्या भगिनींनो,

दहावीचा निकाल लागला की तुमच्या दारात एक सल्लागार हटकून येतो. कधी तो नातेवाईक असतो, कधी शेजारी, तर कधी चक्क शाळेतलाच गुरुजी. आवाज खाली आणून तो सांगतो, "पोर हुशार आहे खरे, पण सायन्स आपल्यासारख्यांचे काम नव्हे. फिजिक्स फार कठीण. ट्यूशनला पैसा लागतो. त्यापेक्षा दुसरे काहीतरी सोपे घ्या." तुम्ही मान डोलावता आणि त्या एका मान डोलावण्यात पोराच्या पुढच्या चाळीस वर्षांचा निकाल लागून जातो.

त्या सल्लागाराला आम्ही आज जाहीर विचारतो, आपल्यासारखे म्हणजे कोण? खाजनाचा बांध राखणारे? रापण ओढणारे? भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ असणारे? अहो, भौतिकशास्त्र ज्या गोष्टींवर उभे आहे त्या गोष्टींत ज्यांचे उभे आयुष्य गेले, त्यांच्याच पोरांना ते झेपणार नाही, हा कुठला न्याय?

पुस्तकात आहे काय?

अकरावीच्या पहिल्या काही महिन्यांत मुलांना सदिश राशी शिकवतात. दोन बले दोन दिशांनी लागली तर एकूण ओढ किती, हा तो प्रश्न. आता रापण आठवा. दोन दोर, किनाऱ्यावर दोन टोळ्या. जाळे जवळ येऊ लागले की दोन्ही टोळ्या एकमेकींकडे सरकतात. का सरकतात? शंभर-शंभर किलोची ओढ देणाऱ्या दोन दोरांत १२० अंशांचा कोन असेल, तर किनाऱ्याकडची एकूण ओढ शंभर किलोचीच भरते. कोन ६० अंशांवर आला की तीच माणसे, तोच घाम, पण ओढ होते १७३ किलो. हे तुमच्या आज्याला ठाऊक होते. आकडा तेवढा ठाऊक नव्हता.

पुढे येतो द्रवांचा धडा. पाण्याचा दाब पाणी किती पसरले आहे यावर नसतो, ते किती खोल आहे यावर असतो. दोन मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे दोन टनांचा दाब. म्हणूनच खाजनाचा बांध तळाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद घालतात. म्हणूनच मानशीचे दार भरतीच्या पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतले पाणी ते आपोआप ढकलून उघडते. वीज नाही, मोटर नाही, पहारेकरी नाही. ज्या पूर्वजांनी ती मानस बसवली त्यांच्या पणतवाला "तुला फिजिक्स जमणार नाही" म्हणून सांगायला जीभ रेटते तरी कशी?

समुद्राच्या पाण्याची घनता दर घनमीटरला सुमारे १०२५ किलो, गोड्या पाण्याची १०००. म्हणून समुद्रात गळ्यापर्यंत भरलेली होडी नदीच्या गोड्या पाण्यात शिरली की आणखी थोडी खाली बसते. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीची वेळही रोज पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन ओढतात तेव्हा उधाण; अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात तेव्हा भांग. गुरुत्वाकर्षणाचा धडा म्हणतात तो हाच.

न शिकण्याची किंमत

कुणी म्हणेल, हे सारे आम्ही न शिकताच जाणतो, मग पोराला दोन वर्षे कशाला घासायची? बंधूंनो, इथेच आपली फसगत होते. अनुभवाने जाणणे आणि हिशेबाने सिद्ध करणे यांत अंतर आहे, आणि त्या अंतरात दुसरेच लोक पैसा करतात.

विहीर बारा मीटर खोल आहे, पंप काठावर ठेवलेला आहे आणि पाणी चढत नाही. विकणारा म्हणतो, जास्त अश्वशक्तीचा घ्या. तुम्ही कर्ज काढून घेता. पाणी तरीही चढत नाही. चढणार कसे? पंप पाणी ओढत नाही. बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि हवेची ताकद दहा मीटरच्या आसपास संपते. प्रत्यक्षात सात-आठ मीटरच मिळतात. काठावरच्या पंपाला शंभर अश्वशक्ती जोडली तरी ही मर्यादा हलत नाही. पंप खाली उतरवणे किंवा पाण्यात बुडणारा पंप बसवणे, हाच उपाय. धडा नीट समजलेले पोर घरात असते तर कर्ज वाचले असते.

समुद्रावर तेच. ट्रॉलरवाल्याकडे प्रतिध्वनीने खोली मोजणारे यंत्र असते. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, प्रतिध्वनी ०.०४ सेकंदात परतला तर जाण्या-येण्याचे अंतर ६० मीटर, म्हणजे तळ ३० मीटरवर. यात जादू कसली? १९७० च्या दशकात रापणकारांनी ट्रॉलरांविरुद्ध लढा दिला, १९८० साली सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. पुढे एलईडी दिव्यांचे संकट आले आणि २०१७ साली केंद्र सरकारने विशेष आर्थिक क्षेत्रात त्या मासेमारीवर बंदी घातली. पण कागदावरची बंदी राबवून घ्यायची तर साहेबापुढे बोलावे लागते. दिवा किती वॅटचा, तांबडा उजेड पाण्यात वरच का विझतो, निळा-हिरवा खोल का जातो, हे ठणकावून सांगणारा आपल्या वाड्यावरचा कुणी नसेल, तर आपल्या वतीने दुसराच बोलेल आणि त्याच्या सोयीचे बोलेल.

आमच्या घराघरांतून तारवटी गेले. जहाजाच्या भटारखान्यात आणि डेकवर त्यांनी हाडे झिजवली. त्याच जहाजाच्या चालक-कक्षात अधिकारी म्हणून उभे राहण्याची वाट कुठून जाते? बारावीला भौतिक, रसायन आणि गणित घेऊन, त्यांत सरासरी साठ टक्क्यांच्या नेहमीच्या अटीतून. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेत आज ७२० पैकी १८० गुण भौतिकशास्त्राचे. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलला आहे, वास्कोला ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आहे. आमच्याच समुद्राचा अभ्यास तिथे आमच्या दारात चालतो. आमची पोरे तिथे शिपायाच्या खुर्चीवर बसणार की प्रयोगशाळेत?

खोटी कारणे आणि खरी कारणे

"कठीण आहे." आहेच. पण कठीण का जाते ते ऐका. दहावीपर्यंत सूत्रात आकडे घातले की गुण मिळतात. अकरावीत एकदम आलेख, त्रिकोणमिती आणि बदलाचा दर येतो. पोराचे डोके कमी पडत नाही, गणिताची एक पायरी राहिलेली असते. ती भरून काढायला दोन महिन्यांची नेटाची मेहनत लागते. विषय सोडावा लागत नाही.

"इंग्रजी येत नाही." पुस्तक इंग्रजीत असू द्या. समजणे घरच्या भाषेतच होते. मराठीतून प्रश्न विचारणाऱ्या पोराला हसणारा शिक्षक स्वतःच विषय समजलेला नसतो. माशेलात १९४३ साली जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर गरिबीत, आईच्या काबाडकष्टांवर मुंबईत मराठी शाळेतूनच शिकले. भावे नावाच्या शिक्षकांनी वर्ग उन्हात नेऊन भिंगाने कागद जाळून दाखवला, तो धडा त्यांनी जन्मभर सांगितला. एक भिंग, एक कागद आणि फुकटचे ऊन. शिकवायचे असले की एवढे पुरते!

"ट्यूशन परवडत नाही." बरोबर. पण ट्यूशन लागते का? वर्गात शिकवले जात नाही म्हणून. किती तरी ठिकाणी प्रयोगशाळेच्या कपाटाचे कुलूप परीक्षेच्या तोंडावर उघडते आणि मुले एकमेकांची जर्नले उतरवतात. लंबक न हलवताच लंबकाचे आकडे लिहून होतात! याला शिक्षण म्हणत नाहीत, याला फसवणूक म्हणतात.

"मुलगी आहे." मग? पहाटे बाजारात उभी राहून व्यापाऱ्याशी हिशेब करणारी बाई कोण असते?

आता काय करायचे?

पालकसभेला जा. चिखलाच्या पायांनी जावे लागले तरी जा. प्रयोगशाळा दाखवा म्हणा. माझ्या पोराने स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले ते सांगा म्हणा. गणिताची राहिलेली पायरी भरून काढायला शाळा सुटल्यावर तासभर वर्ग घ्या म्हणा. वाड्यावरच्या देवळात, चर्चच्या सभागृहात, वाचनालयात रात्रीचा एक दिवा मुलांसाठी ठेवा, आणि शिकून नोकरीला लागलेल्या पोरांना आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे बसवा.

पोर्तुगीज अमदानीत लिसेवची पायरी आमच्या आज्या-पणज्यांपैकी किती जण चढले? मुक्तीनंतर १९६४ साली कूळ कायदा आला, १९७५ साली मुंडकार कायदा आला. जमिनीवरचा आणि घरावरचा हक्क आपण मागून घेतला, भांडून घेतला. अकरावीच्या विज्ञान वर्गातल्या बाकासाठी मात्र नवा कायदा लागत नाही. तो बाक आजही तुमचाच आहे. उद्या सल्लागार दारात आला, तर त्याला चहा द्या आणि प्रवेशाच्या अर्जावर तुमच्या पोराने स्वतःच्या हाताने काय लिहिले आहे ते वाचून दाखवा.