साथ, श्रद्धा आणि शेवटचा निरोप

काँगोच्या कसाई प्रांतातील इबोलाची साथ संपल्याचे १ डिसेंबर २०२५ रोजी जाहीर झाले. तीन महिन्यांत ६४ जणांना लागण झाली आणि त्यांतले ४५ दगावले. आज या आजाराच्या मुख्य प्रकारावर लस आहे, औषधेही आहेत. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत साथ भडकली तेव्हा वापरासाठी मान्य झालेले यांपैकी काहीच नव्हते. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत मिळून २८ हजार ६००हून अधिक लोकांना लागण झाली, ११ हजार ३००हून अधिक मृत्यू झाले. ती साथ आटोक्यात कशी आली, हे आजही समजून घेण्यासारखे आहे. कारण त्यात डॉक्टरांइतकाच इमाम आणि पाद्री यांचा वाटा होता.

इबोला रुग्णाच्या रक्तातून, उलटी-जुलाबातून आणि शरीरातील इतर स्रावांतून पसरतो. मृत्यूच्या वेळी शरीरात विषाणूंचे प्रमाण सर्वाधिक असते आणि त्यानंतरही काही दिवस मृतदेह संसर्ग पसरवू शकतो. नेमके याच वेळी जवळचे नातेवाईक त्याला आंघोळ घालतात, कवटाळतात. जगभरात शेवटचा निरोप बहुधा असाच दिला जातो. गिनीतील सुमारे ६० टक्के रुग्णांचा संबंध अंत्यविधीच्या प्रथांशी असल्याचे ऑगस्ट २०१४ मध्ये समोर आले. सिएरा लिओनच्या सोकोमा गावात तर एका वैदूबाईच्या अंत्ययात्रेशी ३६५पर्यंत मृत्यू जोडले गेले.

शास्त्राच्या दृष्टीने उपाय सोपा होता : मृतदेहाला कोणी हात लावू नये. पण तो ज्या पद्धतीने राबवला गेला, ती लोकांना सहन होणारी नव्हती. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसे गाडीतून येत, मृतदेह पिशवीत भरून नेत. कोठे पुरले, हे कित्येक घरांना कळतही नसे. लायबेरियाच्या राजधानीत तर दहन सक्तीचे झाले. दफनाची परंपरा असलेल्या समाजाला हा मोठा धक्का होता. परिणाम उलटा झाला. लोक रुग्णांना घरात लपवू लागले, रात्रीत गुपचूप दफन करू लागले. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतील वोमे गावात जनजागृतीसाठी गेलेल्या पथकातील आठ जणांची हत्या झाली.

नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दफनाची नवी नियमावली काढली. ती तयार करताना वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस, इस्लामिक रिलीफ यांसारख्या ख्रिस्ती आणि मुस्लीम संस्थांना सोबत घेतले होते. पथकाने आधी कुटुंबाशी बोलायचे, त्यांची संमती मिळेपर्यंत काम सुरू करायचे नाही, असे ठरले. मुस्लीम मृतांना पाण्याने आंघोळ घालण्याऐवजी धर्मातच मान्य असलेला पाण्याविना शुद्धीचा विधी आला, आणि तो संरक्षक पोशाखातील व्यक्तीने करायचा होता. पांढरे कफन मिळाले. कबरीवर नावाची पाटी लागली. नातेवाईकांना ठरावीक अंतरावरून प्रार्थना करता येऊ लागली. मशिदींतून आणि चर्चमधून हीच माहिती सांगितली गेली, तेव्हा तिला सरकारी फर्मानापेक्षा वेगळे वजन आले.

यात विज्ञानाने एक पाऊलही मागे घेतले नाही. मृतदेहाला उघड्या हाताने स्पर्श करायचा नाही, हा नियम तसाच राहिला. बदलले ते एवढेच की माणसांना दुःख व्यक्त करायला जागा मिळाली. ज्याला आपल्या माणसाला नीट निरोप देता आला, तो पथकाला शत्रू मानत नाही. पुढचा रुग्ण लवकर दवाखान्यात येतो तो यामुळेच.

केवळ लसीने हा प्रश्न सुटत नाही, हे पुढे पूर्व काँगोत दिसले. २०१८ ते २०२० या काळातील साथीत प्रभावी लस हाताशी होती. तरीही संघर्षग्रस्त भागातील अविश्वासातून उपचार केंद्रांवर हल्ले झाले, एप्रिल २०१९ मध्ये बुटेम्बो येथे एका डॉक्टरला जीव गमवावा लागला. त्या साथीत २ हजार २००हून अधिक बळी गेले.

पुण्याला हा अनुभव सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे. १८९७च्या प्लेगमध्ये सैनिक घराघरांत, देवघरापर्यंत शिरले. रुग्ण वेगळे करणे वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होते, पण त्या जबरदस्तीचा शेवट रँडच्या हत्येत झाला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांना यशवंतरावांच्या दवाखान्यात नेत होत्या आणि त्यातच त्यांना प्लेगने गाठले. लोकांनी कोणाला दार उघडले असेल, हे वेगळे सांगायला नको. अलीकडे २०२० आणि २०२१ मध्ये संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. पायी वारी थांबली तरी परंपरा खंडित झाली नाही, कारण वारकऱ्यांनी आपल्या भक्तीसाठी दुसरी वाट स्वीकारली.

श्रद्धेची दुसरी बाजूही नाकारता येत नाही. २०२०च्या सुरुवातीला दक्षिण कोरियातील देगू शहरात एका पंथाच्या प्रार्थनासभांतून कोरोना वेगाने पसरला. २०२१च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट चढत असताना हरिद्वारला कुंभमेळ्याची गर्दी झाली. प्रार्थनेने विषाणू मरत नाही, अंगाऱ्याने ताप उतरत नाही, आणि उपचाराला उशीर करणारी श्रद्धा जिवावर बेतते. श्रद्धेचे काम वेगळे आहे. ती विलगीकरणातल्या माणसाला धीर देते, शेजाऱ्याला त्याच्या दारात डबा ठेवायला लावते, बरा होऊन आलेल्याला वाळीत टाकू देत नाही.

पण हे नाते साथ आल्यावर एका रात्रीत जुळत नाही. तालुक्याच्या साथरोग आराखड्यात रुग्णवाहिका, खाटा आणि औषधसाठ्याची नोंद असते. त्याच कागदावर गावोगावचे कीर्तनकार, मौलवी, धर्मगुरू, भन्तेजी आणि आशाताई यांची नावेही असायला हवीत. साथ नसताना त्यांच्यासोबत वर्षातून एक-दोन बैठका व्हाव्यात. अंत्यविधीत काय चालेल, काय चालणार नाही आणि त्याऐवजी काय करता येईल, हे तिथे शांतपणे ठरवता येते. ऐन साथीत, घरात मृतदेह असताना, ती चर्चा करायला वेळ मिळत नाही.