रिकाम्या वजनाचं गणित

इंग्लंडात मुलाकडे असताना कॅरॅव्हॅन घ्यायचं घाटत होतं. गाडी छोटी, १,१०० किलोची. विक्रेता म्हणाला, "ही फक्त ८५० किलोची, निर्धास्त ओढा." अहो, पण ते रिकामं वजन! गॅस, पाणी, अंथरुणं, भांडी धरून कमाल १,००० किलो. नवख्यानं गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांत राहावं, असा तिथला संकेत, म्हणजे ९३५. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण एवढं गणित मलाही येतं.

मुलगा म्हणाला, "बाबा, कायद्यात बसतंय."

बसेलही! पण उतारावर मागचं धूड हेलकावे खाऊ लागलं, की कायदा स्टिअरिंग धरायला येत नाही. मागच्या सीटवर माझी नात असते. भरलेलं वजन बेतात बसणारी मिळेना, तर तंबू काय वाईट?