संसारी गायकाची बाजू

मोठा कलावंत म्हटला की त्याच्या संसाराची धूळधाण आपण गृहीतच धरतो. त्याची दारू, बायकोचे हाल, पोरांची आबाळ, सगळं प्रतिभेच्या खात्यावर मांडून मोकळे होतो.

अमेरिकेतल्या कंट्री संगीतातही हेच चालतं. हँक विल्यम्स दारू आणि औषधांनी खिळखिळे होऊन 1953 साली, अवघ्या 29व्या वर्षी गेले आणि त्यांची दंतकथा झाली. मला मात्र त्याच आडनावाचे, पण नात्यागोत्याचे नसलेले डॉन विल्यम्स आठवतात.

माझी उमेद मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. वॉचची पाळी संपली की फिलिपिनो खलाशी मेसरूममध्ये डॉनची कॅसेट लावत. खर्जातला, अजिबात घाई नसलेला आवाज. साइन-ऑफची, म्हणजे करार संपून घरी जाण्याची वाट बघणाऱ्या आम्हा सगळ्यांना तो घरातल्याच कुणाचा तरी वाटे.

डॉनचा जन्म 1939चा, टेक्सासमधल्या फ्लॉयडाडाचा. 1960 साली जॉयशी लग्न झालं तेव्हा हाती काही नव्हतं. पडेल ती कामं केली. पुढे त्यांची 17 गाणी कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. 1980चं ‘आय बिलीव्ह इन यू’ तर अमेरिकेबाहेरही वाजलं. ते दुसऱ्यांनी लिहिलेलं, पण डॉनच्या तोंडी उसनं वाटत नाही. आफ्रिकेत त्यांना एवढं प्रेम मिळालं की 1997 साली ते झिम्बाब्वेत हरारेला जाऊन गायले. मंचावर थाट काय, तर एक स्टूल आणि कॉफीचा कप.

नाव झालं तरी ते मुलाखतींपासून लांबच राहिले. 2016 मध्ये आता घरी निवांत राहायचं म्हणून गाणं थांबवलं. 8 सप्टेंबर 2017 रोजी गेले, तेव्हा जॉयशी संसाराला 57 वर्षं झाली होती. मागे दोन मुलगे.

कुणी म्हणेल, सरळ आयुष्यात सांगण्यासारखं काय असतं? घर सांभाळून एवढं गाता येतं, हेच सांगण्यासारखं आहे. पोटासाठी घरापासून लांब राहावं लागतं, ते मी केलंय. टाळ्यांसाठी घराकडे पाठ फिरवणं ही वेगळी गोष्ट. गळा दैवी असला म्हणून घरच्यांना सोसायला लावायचा परवाना मिळत नाही. यापुढे कलावंताचं चरित्र लिहिणाऱ्यांनी बायकोपोरांचीही साक्ष काढावी.